सपाट रेघ

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या सर्व्हरवर एक फाइल आहे. जगभरात गेल्या तासाभरात नोंदले गेलेले भूकंप तिच्यात असतात आणि दर मिनिटाला ती ताजी होते. ती वाचायला पैसे लागत नाहीत, पासवर्ड लागत नाही. प्रत्येक भूकंपाची एक नोंद असते: कुठे झाला, किती खोल, किती तीव्रतेचा, किती वाजता. कधी पाच-सात नोंदी असतात, कधी पंधरा-वीस. इंटरनेट असलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर ती उघडते आणि कंस, स्वल्पविराम, आकडे यांनी भरलेला मजकूर दिसतो.

माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक छोटी खिडकी दिवसभर उघडी असते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तीव्रता आणि मध्ये ठिपके. फिजीजवळ समुद्राखाली धक्का बसला, त्याची नोंद त्या फाइलमध्ये पडली, की मिनिटाभरात माझ्या खिडकीत एक ठिपका उमटतो. मी काहीही दाबलेलं नसतं. त्या वेळी मी बहुधा दुसरंच काम करत असतो आणि ठिपका उमटताना नजरेच्या कडेला जाणवतो. दूरच्या सर्व्हरवरचा आकडा बदलला की इथलं चित्र आपोआप बदलावं, यासाठी आकडा आणि चित्र यांची गाठ मारावी लागते. प्रोग्रॅमर तिला डेटा बाइंडिंग म्हणतात. गाठ मारणं फार अवघड नाही. ती सुटली तर पाहणाऱ्याला कळावं, हे अवघड आहे, आणि या प्रकरणात मला मुख्यतः त्याबद्दल सांगायचं आहे.

आलेख आणि आकडे यांचं नातं आधी असं नव्हतं. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे रेषालेख छापले ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून. पुढच्या वर्षाचा आकडा त्या रेघेला जोडायचा तर पुन्हा कोरीवकाम. जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९८३ मध्ये, लोटस १-२-३ आलं. हिशेबाच्या तक्त्यात आकडा बदलायचा, एफ-१० ही कळ दाबायची, की नव्या आकड्याचा आलेख पडद्यावर. कोरीवकाम गेलं, पण कळ माणसालाच दाबावी लागत होती. ती कळ नाहीशी होण्याचं बीज आधीच पडलेलं होतं. नॉर्वेचे ट्रिग्व्हे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये, कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात असताना, एक मांडणी सुचवली: आकडे एका जागी ठेवा, त्यांची चित्रं दुसऱ्या जागी, आणि एकाच आकड्याला हवी तेवढी चित्रं असू द्या. यातून पुढे अशी रीत आली की आकडा बदलला की तो स्वतःच आवाज देतो, ‘मी बदललो’, आणि ज्या चित्रांना त्याची गरज आहे ती कान देऊन असतात.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ नावाची चौकट आणली आणि विंडोजच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ही रीत सगळ्यांच्या हाती आली. माझी भूकंपाची खिडकी याच चौकटीत बांधलेली आहे. तिच्यातल्या एका ठिपक्याचा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे.

ॲपमध्ये एक टायमर आहे. तो मिनिटाला एकदा सर्व्हरकडे फाइल मागतो. मजकूर येतो, त्यातल्या प्रत्येक नोंदीची ॲप एक वस्तू बनवतं, म्हणजे स्मरणातला एक छोटा कप्पा, ज्यात तीव्रता, वेळ आणि ठिकाण असतं. या वस्तू एका खास यादीत जातात. तिचं नाव ऑब्झर्व्हेबल कलेक्शन. साध्या यादीत वस्तू टाकली तर कोणाला काही कळत नाही. या यादीत टाकली की यादी पुकारा करते, ‘एक नग आला, अमुक जागी’. आलेख तो पुकारा ऐकतो, तीव्रतेवरून उंची काढतो, वेळेवरून आडवी जागा काढतो आणि ठिपका रंगवतो. आधीचे ठिपके जागचे हलत नाहीत. नवख्या प्रोग्रॅमरच्या ॲपमध्ये दर मिनिटाला सगळा आलेख क्षणभर पांढरा होऊन परत येतो, त्याचं कारण इथे असतं: तो दर वेळी यादी पुसून पहिल्यापासून भरतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिल्यात प्रत्येक जण एकदा पडतोच. डब्ल्यूपीएफमध्ये खिडकी ज्या थ्रेडने, म्हणजे कामाच्या ज्या धाग्याने, बनवली त्याच थ्रेडने तिला हात लावायचा असा कडक नियम आहे. नेटवरून फाइल आणायला वेळ लागतो, म्हणून ते काम दुसऱ्या थ्रेडला दिलेलं असतं, नाहीतर तेवढा वेळ खिडकी गोठून बसेल. त्या दुसऱ्या थ्रेडने एखाद्या वस्तूतला आकडा बदलला तर चौकट ते सांभाळून घेते, निरोप आपण होऊन खिडकीच्या थ्रेडकडे पोहोचवते. पण त्याच थ्रेडने यादीत नवी वस्तू टाकली, की ॲप चूक दाखवून बंद पडतं. एक चालतं आणि दुसरं चालत नाही, हे डोक्यात बसायला मला बराच काळ लागला.

दुसरा खड्डा जास्त वाईट, कारण त्यात पडल्याचा आवाज होत नाही. आलेखाला सांगावं लागतं की उंचीसाठी वस्तूतला कोणता गुण घ्यायचा. ते त्या गुणाचं नाव लिहून सांगायचं. नावात एक अक्षर चुकलं तर ॲप बंद पडत नाही, इशारा देत नाही. आलेख रिकामा राहतो, एवढंच. चुकीची ओळ उमटते ती प्रोग्रॅमरच्या मशीनवर, एका कोपऱ्यातल्या खिडकीत, जिथे आणखी शेकडो ओळी वाहत असतात. वापरणाऱ्याला दिसतात ते स्वच्छ अक्ष आणि स्वच्छ पांढरी जागा. त्याला वाटतं, आज भूकंप नाहीत.

ठिपका एकदा उमटला म्हणजे काम झालं असंही नसतं. भूकंपाची पहिली नोंद यंत्रानेच काढलेली असते आणि तिच्यावर तसा शिक्का असतो. मग भूकंपतज्ज्ञ ती तपासतात आणि ५.४ चे ५.१ होतात, खोली बदलते, ठिकाण थोडं सरकतं. प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक असतो, तेव्हा जुन्याच वस्तूतला आकडा बदलायचा हे सरळ वाटतं. पण हा ओळखक्रमांकही बदलू शकतो. एकच धक्का भूकंपमापकांच्या दोन जाळ्यांनी नोंदलेला असतो आणि नंतर दुसऱ्या जाळ्याची नोंद अधिक भरवशाची ठरते. म्हणून प्रत्येक नोंदीत त्या धक्क्याचे सगळे ओळखक्रमांक एकत्र दिलेले असतात, आणि ते पाहिल्याशिवाय नवा ठिपका टाकू नये. नाहीतर एका धक्क्याचे दोन होतात. कधी नोंद अजिबात रद्द होते, आणि मग ठिपका काढायलाही हवा. फाइलमधलं सगळं भूकंपच असतं असंही नाही. खाणीतल्या सुरुंगाचे स्फोटही तिच्यात येतात, त्यांचा प्रकार वेगळा लिहिलेला असतो.

उभ्या अक्षाची एक गोष्ट. शून्यापासून अक्ष सुरू करायचा ही आपली शाळेपासूनची सवय. पण या फाइलमध्ये उणे तीव्रतेचे धक्केही असतात. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मोजपट्टी ठरवली तेव्हा त्या काळच्या यंत्रांना पकडता येतील इतक्या बारीक धक्क्यांच्या आसपास शून्य ठेवलं. आजची यंत्रं त्याहून बारीक थरथर टिपतात, म्हणून आकडा शून्याच्या खाली जातो. अक्ष शून्यावर कापला तर हे ठिपके खिडकीच्या तळाखाली राहतात. यादीत असतात, डोळ्याला नसतात.

आता वेळ. फाइलमध्ये वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या घड्याळाने, उलटलेले मिलिसेकंद. तेरा आकडी संख्या. तिचं आपल्या घड्याळात रूपांतर केल्याशिवाय दिवसवार स्तंभालेख काढला तर काय होतं, हे महाराष्ट्राला दोन तारखांवरून सहज समजेल. कोयनानगर हादरलं ते ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. तेव्हा जगाच्या नोंदवह्यांत कोयना आहे १० डिसेंबरच्या रात्री १० वाजून ५१ मिनिटांवर आणि किल्लारी २९ सप्टेंबरच्या रात्री १० वाजून २६ मिनिटांवर. पहाटे साडेपाचच्या आधी भारतात घडलेली प्रत्येक गोष्ट ग्रीनिचच्या पंचांगात आदल्या दिवशी पडते. भुजचा भूकंप, २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊच्या सुमाराचा, म्हणून त्याची तारीख दोन्हीकडे एकच. ज्या आलेखात किल्लारीचा स्तंभ २९ तारखेवर उभा आहे, तो लातूरच्या माणसाला दाखवण्याच्या लायकीचा नाही. कोयनेच्या बाबतीत आणखी एक अडचण: १९७० च्या आधीची घटना असल्याने तिचा मिलिसेकंदांचा आकडा ऋण येतो, आणि वेळ नेहमी धन असणार असं धरून लिहिलेलं ॲप ती नोंद टाकून देतं.

इथवरच्या चुका उशिरा का होईना सापडतात, कारण कुठेतरी दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मला धास्ती आहे ती न सापडणाऱ्या चुकीची.

काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या एका कोल्ड स्टोरेजसाठी मी असंच एक ॲप लिहिलं होतं. द्राक्षांचा हंगाम, खोल्या क्रेटनी भरलेल्या. प्रत्येक खोलीत तापमानाचा सेन्सर, सेन्सरचे आकडे क्लाऊडवर, आणि तिथून ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर रेषालेखात. मॅनेजर खूश होते. रात्रपाळीला एक वयस्कर ऑपरेटर असायचे; सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी आलेख मान्य केला, पण आपली फेरी सोडली नाही. दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत जायचं आणि दोरीला टांगलेला काचेचा थर्मामीटर बघायचा.

एका रात्री दोन वाजता त्यांचा फोन आला.

“सर, तीन नंबरच्या खोलीत काय दिसतंय तुम्हाला?”

मी घरूनच स्क्रीन जोडून पाहिलं. “पॉइंट आठ, काका. एकदम स्थिर आहे.”

“मी आत्ता आत जाऊन आलो. बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफच धरली नाही. थर्मामीटर सात दाखवतोय.”

कॉम्प्रेसर रात्रीच कधीतरी ट्रिप झाला होता. आणि माझी रेघ साडेदहापासून शून्य दशांश आठ अंशांवर सुतासारखी सरळ चालली होती.

त्यांनी दुसरा कॉम्प्रेसर सुरू करून खोली सावरली. मी सकाळी माझ्याच कोडमध्ये काय झालं ते शोधलं. क्लाऊड सेवा दर वेळी ओळख विचारते. त्यासाठी ॲपजवळ टोकन असतं, म्हणजे मुदतीचा पास. बऱ्याच ठिकाणी ही मुदत तासाभराची असते आणि संपण्याआधी ॲपने नवा पास मागायचा असतो. त्या रात्री नेट थोडा वेळ गेलं, नवा पास मागायची वेळ हुकली आणि सर्व्हरने त्यानंतरच्या प्रत्येक मागणीला ‘ओळख पटत नाही’ असं उत्तर दिलं. माझ्या कोडने ते उत्तर चूक म्हणून पकडलं आणि गिळलं. वर मी एक ‘सोय’ करून ठेवली होती: नवा आकडा आला नाही तर रेघ तुटलेली वाईट दिसते, म्हणून शेवटचा आकडाच आत्ताच्या वेळेने पुन्हा टाकायचा. मध्ये कधी दोन-चार मिनिटं नेट गेलं तर चित्र छान राहावं एवढाच हेतू होता. त्या ओळीने साडेतीन तास खोटी साक्ष दिली. ती ओळ माझी होती आणि आजही मला ती तशीच्या तशी आठवते.

ती रेघ नीट पाहिली असती तर मला फोनवरच कळायला हवं होतं. चालू कोल्ड स्टोरेजचं तापमान कधीही सरळ रेषेत नसतं. कॉम्प्रेसर सुरू होतो, तापमान उतरतं. ठरलेल्या अंशावर तो थांबतो, तापमान चढतं. पुन्हा सुरू होतो. रेघ करवतीच्या दातांसारखी असते, दार उघडलं की एखादा दात मोठा होतो. दात गेले म्हणजे एक तर सेन्सर गेला किंवा निरोप आणणारा गेला. तेव्हापासून मी सेन्सरच्या प्रत्येक आलेखाला एक पहारा बसवतो: आकडा ठरावीक वेळात जरासुद्धा हलला नाही तर ती शांतता नव्हे, बिघाड समजायचा.

हा पहारा भूकंपाच्या खिडकीला लावता येत नाही, आणि इथे विषयाची खरी गंमत आहे. खोलीला कायमच तापमान असतं. आकडा आला नाही तर काहीतरी बिघडलं आहे. भूकंप मात्र होतो किंवा होत नाही. नवी नोंद न येणं हीसुद्धा खरी बातमी असू शकते. मग ‘काही घडलं नाही’ आणि ‘काही कळलं नाही’ यांतला फरक कशावरून ओळखायचा? सर्व्हरच्या उत्तरावरून. ॲप जेव्हा विचारतं, ‘मी मागच्या वेळी नेल्यानंतर फाइल बदलली का?’ तेव्हा बदल नसेल तर सर्व्हर ३०४ क्रमांकाचं छोटंसं उत्तर देऊ शकतो: बदल नाही. मजकूर पाठवत नाही, वेळ आणि डेटा दोन्ही वाचतात. पण माझ्या लेखी त्याचं मोल बचतीपेक्षा मोठं आहे. ‘बदल नाही’ हे उत्तर आहे. त्यावर आलेखाने निश्चिंत राहावं. उत्तरच न आलं तर त्याला निश्चिंत राहायचा अधिकार नाही.

दर मिनिटाला विचारण्याऐवजी सर्व्हरनेच हाक मारावी अशीही सोय आहे. २०११ मध्ये वेबसॉकेटचं प्रमाण ठरलं. त्यात जोडणी उघडीच राहते आणि आकडा निघाला की लगेच पोहोचतो. शेअरबाजारासारख्या ठिकाणी दुसरा इलाज नाही. पण उघडी जोडणी मधल्या मध्ये मेली तर दोन्ही टोकांना कळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मेलेली जोडणी आणि शांत जोडणी सारखीच दिसते. म्हणून अधूनमधून रिकामा निरोप पाठवून ‘आहेस ना?’ विचारत राहावं लागतं. ज्या गोष्टी मिनिटाच्या गतीने बदलतात त्यांना मी अजूनही टायमरच लावतो. आणि सर्व्हरने ‘फार विचारतोस’ म्हटलं, म्हणजे ४२९ हे उत्तर दिलं, तर दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत जायचा.

तुटलेल्या रेघेचं काय करायचं याचं उत्तर तुमच्या एक्सेलमध्येच आहे. आलेखावर उजवं क्लिक करून डेटा निवडायच्या चौकटीत गेलात की लपलेल्या आणि रिकाम्या कप्प्यांसाठी एक बटन दिसतं. ते तीन पर्याय देतं: रिकाम्या जागी रेघ तोडा, शून्य धरा, किंवा अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू जोडून टाका. बहुतेक लोक ते कधी उघडत नाहीत. शून्य धरलं तर कोल्ड स्टोरेज अचानक शून्य अंशाला गेलेलं दिसेल, आणि द्राक्षांच्या बाबतीत ते तापमान खरंही वाटेल; त्याहून फसवं काही नाही. जोडून टाकलं तर मधल्या साडेतीन तासांची कहाणी आपण रचली. डेस्कटॉप ॲपच्या आलेखात पहिला पर्याय हवा असेल तर बऱ्याच चार्ट लायब्ररींमध्ये त्या जागी ‘संख्या नाही’ असं खास मूल्य ठेवायचं. रेघ तिथे तुटते. तुटलेली रेघ ग्राहकाला आवडत नाही, असं मला अनेकदा सांगितलं गेलं आहे. ती न आवडण्यासाठीच आहे.

तुटलेल्या रेघेसोबत वय दाखवायला हवं. इथे दोन वेळा वेगळ्या ठेवायच्या: आकडा मोजला केव्हा आणि मला मिळाला केव्हा. कोल्ड स्टोरेजमधला निरोप पाठवणारा डबा बंद पडला तरी क्लाऊड सुरू असतं. ते आनंदाने सकाळचाच आकडा दुपारीही देत राहतं आणि ‘सगळं ठीक’ म्हणतं. ॲपने फक्त मिळाल्याची वेळ पाहिली तर आकडा ताजा ठरतो. वय मोजायचं ते मोजल्याच्या वेळेपासून.

दुरुस्त केलेल्या ॲपमध्ये प्रत्येक खोलीच्या आकड्याशेजारी त्याचं वय लिहिलेलं असतं. तीन मिनिटांच्या पुढे गेलं की आकडा राखाडी होतो, दहाच्या पुढे तो जाऊन तिथे आडवी रेघ येते आणि घंटा वाजते. काकांनी हे पाहिलं, आणि फेरी तशीच चालू ठेवली. मी त्यांना ती सोडा असं कधी म्हटलं नाही.

एक हिशेब राहिला. सेन्सर सेकंदाला एक आकडा देत असेल तर दिवसाचे ८६,४०० होतात. पडद्याची रुंदी १,९२० ठिपके. म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला ४५ आकडे. त्यांची सरासरी काढली तर दार उघडल्यावर दहा सेकंद चढलेलं तापमान विरून जातं. म्हणून प्रत्येक ४५ मधला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा असे दोनच घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये उभी रेघ ओढायची. चित्र हलकं राहतं, टोक हरवत नाही. आणि महिनोन्महिने बंद न होणाऱ्या ॲपमध्ये जुने आकडे यादीतून काढत राहायला विसरू नये.

माझ्या भूकंपाच्या खिडकीत कोयनेचे धक्के जवळजवळ कधीच दिसत नाहीत. धरणात पाणी साठवायला लागल्यापासून त्या पट्ट्यात जमीन लहानमोठी हलत आली आहे. पण ही फाइल अमेरिकेतले बारीक धक्के टिपते आणि बाहेरच्या जगातले साधारण ४.५ च्या वरचे. कोयनेतला तीनचा धक्का पाटणच्या घरातली भांडी वाजवेल, दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत येईल, आणि माझ्या खिडकीतला पश्चिम महाराष्ट्र कोराच राहील. गाठ पक्की असते, वेळ बरोबर असते, सर्व्हर उत्तर देत असतो, तरीही.

म्हणून त्या खिडकीच्या तळाशी मी दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. पहिली कायमची: ‘अमेरिकेबाहेरचे ४.५ पेक्षा लहान धक्के इथे बहुधा दिसणार नाहीत.’ दुसरी बदलती: ‘सर्व्हरने शेवटचं उत्तर दिलं: ३८ सेकंदांपूर्वी.’ हा आकडा दर सेकंदाला एकाने वाढतो, उत्तर आलं की शून्यावर येतो आणि पुन्हा मोजायला लागतो.